फाइक बोल्कियाबद्दल फिरणारा मेसेज चुकीचा आहे

"सुलतानाचा मुलगा, 20 अब्ज डॉलरचा मालक, प्रीमियर लीग गाजवलेला प्लेअर" असा ब्रुनेईचा फुटबॉलर फाइक बोल्किया याच्याबद्दल मेसेज फिरतोय, तो चुकीचा आहे. फाइक सुलतानाचा पुतण्या, प्रिन्स जेफ्री यांचा मुलगा, आणि 20 अब्ज त्याच्या नावावर आहेत याला काही पुरावा नाही, चर्चा घराण्याच्या पैशाची असते. इंग्लंडच्या चेल्सी क्लबात तो अकॅडमीत होता, 2016 ला तिथल्याच लेस्टर क्लबला गेला पण तिथंही ज्युनियर टीममध्येच, प्रीमियर लीगची, म्हणजे इंग्लंडच्या टॉप फुटबॉल लीगची, एकही मॅच नाही. मग पोर्तुगालचा मारितिमो क्लब, तिथून 2021 ला थायलंडचा चोनबुरी, पुढे तिथलाच राचबुरी. बोर्निओ बेटावरच्या ब्रुनेईसारख्या एवढ्याशा देशाकडून पोरगा इंटरनॅशनल खेळतो, हे कुणी लिहीतच नाही, प्लीज त्याचा खेळ बघा.