'अ‍ॅग्री'पुढचं 'ऑन' कधी गळतं आणि कधी गळत नाही

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही लांबणार. तुमचे आक्षेप दोन. माझ्या लेखातल्या 'वी अ‍ॅग्रीड अ प्राइस विथ द सप्लायर' या वाक्यात 'ऑन' हवंच होतं, हा एक. आणि ते गळलं कारण डोक्यात 'आम्ही दर ठरवला' हे मराठी वाक्य घोळत होतं, हा दुसरा.

'ऑन'शिवायचं ते वाक्य ब्रिटिश इंग्रजीत शुद्ध आहे. तिथे या क्रियापदाला थेट कर्म चालतं. लंडनच्या वर्तमानपत्रांत 'अ‍ॅग्री अ डील' नेहमी दिसतं, फुटबॉलपटूंच्या खरेदी-विक्रीच्या बातम्यांत 'अ‍ॅग्री अ फी', 'अ‍ॅग्री पर्सनल टर्म्स' तर पावलोपावली. चांगले शब्दकोश हा वापर नोंदवतात आणि शेजारी 'ब्रिटिश' अशी खूण करतात. अमेरिकन कानाला मात्र ते खटकतं, तिथे 'अ‍ॅग्रीड ऑन अ प्राइस' लागतं. पत्र शिकागोला जाणार असेल तर 'ऑन' घालाच. घातलेलं लंडनलाही चालतं.

पण ही सूट सरसकट नाही. बोलणी होऊन जे निष्पन्न होतं तेच कर्म म्हणून बसतं: दर, तारीख, अटी, अंदाजपत्रक, संयुक्त निवेदन. 'आय अ‍ॅग्री युअर पॉइंट' हे आपल्याकडच्या कार्यालयांत सर्रास लिहिलं जातं आणि ते कुठल्याच इंग्रजीत बसत नाही. मत, मुद्दा, माणूस यांच्याआधी 'विथ' पाहिजेच. शंका आली तर मराठी 'ठरणे' लावून बघा. दर ठरला, तारीख ठरली, अटी ठरल्या, म्हणजे ब्रिटिश पद्धतीत 'ऑन' गाळता येईल. 'तुमचा मुद्दा ठरला' असं आपण म्हणत नाही, म्हणजे तिथे गाळायची सोय नाही.

म्हणून मराठी वळणाचा तुमचा आरोप इथे लागू पडत नाही. दोन भाषांचं या एका जागी जुळतं, एवढंच. शिवाय जुळणी अर्धीच आहे. दर एकटा दुकानदारही ठरवतो, 'अ‍ॅग्री'ला मात्र दुसरी बाजू लागते. 'शी अ‍ॅग्रीड द प्राइस' एवढंच लिहिलं तर वाचणारा विचारणार, कोणाशी? मराठीची खरी सावली दुसरीकडे पडते. 'मी सहमत आहे'मधला 'आहे' उचलून 'आय अ‍ॅम अ‍ॅग्री' होतं. 'तो त्यासाठी तयार झाला'वरून 'ही अ‍ॅग्रीड फॉर इट' होतं, तिथे 'टू इट' हवं. या दोन चुकांवर तुम्ही तुटून पडला असतात तर मी तुमच्याच बाजूने उभा राहिलो असतो.

आणि 'ऑन'च्या वादात राहून गेलेली खरी गोष्ट ही की, 'ऑन', 'टू', 'विथ' यांतलं चुकीचं शब्दयोगी अव्यय महागात पडतं. समजा पुरवठादाराने किलोला 450 रुपये दर कळवला. 'वी अ‍ॅग्री टू युअर प्राइस' म्हणजे त्याचा दर स्वीकारला. 'वी हॅव अ‍ॅग्रीड ऑन अ प्राइस' म्हणजे बोलणी होऊन दर ठरला, तो मुळात कोणी सुचवला ते कळत नाही. 'वी अ‍ॅग्री विथ युअर प्राइस' हे सगळ्यांत घातकी. दर रास्त वाटतो असं मत त्यात आहे, पण ऑर्डर आहे की नाही ते धूसर. पुरवठादार ते होकार समजून माल मागवतो, आणि लिहिणारा म्हणतो की मी फक्त मत दिलं होतं. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 13 संमतीची व्याख्या करताना दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करावी असं म्हणतं. वाद नेमका त्या 'एकाच अर्थाने'वर होतो.

कलम 7 नुसार स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त असावी लागते. त्यामुळे 'वी अ‍ॅग्री टू युअर प्राइस, सब्जेक्ट टू 60 डेज क्रेडिट' हा होकार ठरत नाही. तो नवा प्रस्ताव, आणि पुरवठादार तो नाकारायला मोकळा. बांधून घ्यायचं नसेल तर हे क्रियापदच टाळा. 'वी हॅव नोटेड युअर प्राइस' पुरतं.

'टू' आणि 'दॅट' यांतही असाच फरक आहे. 'वी अ‍ॅग्री टू पे' हे पुढचं वचन, तर 'वी अ‍ॅग्री दॅट 2 लाख रुपीज आर ड्यू' ही देण्याची कबुली. मुदतीचा कायदा, 1963 च्या कलम 18 प्रमाणे, दाव्याची मुदत संपण्याआधी अशी कबुली लेखी आणि सहीनिशी दिली, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. जुन्या थकबाकीवर वाद चालू असताना सौजन्य म्हणून 'वी अ‍ॅग्री दॅट' लिहिणाऱ्यांनी सही करण्याआधी ते वाक्य वकिलाला दाखवावं.