‘मेट्रोनिडाझोल चालू आहे, सेन्सिटिव्हिटी कशाला?’

डॉक्टरांच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हापुन्हा फिरतो. त्यातला मजकूर साधारण असा: ॲनारोब, म्हणजे ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कुठलं औषध त्यांच्यावर चालतं ते तपासणारी टेस्ट, लावणं फुकट आहे. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक सगळ्यांवर चालतं, रिपोर्ट येईपर्यंत पेशंट घरी गेलेला असतो, आणि हवीच असेल तर नेहमीच्या डिस्क, म्हणजे औषध भरलेल्या कागदी चकत्या, जिवाणूंच्या प्लेटवर लावून वाचा. मी मायक्रोबायोलॉजीच्या बेंचवर काम करते आणि हे वाचून मला खरंच काळजी वाटते.

मेट्रोनिडाझोल सगळ्यांवर चालत नाही. ॲक्टिनोमायसिस आणि क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस यांच्यावर ते मुळातच निकामी आहे. यातलं क्युटिबॅक्टेरियम खांद्याच्या कृत्रिम सांध्यात किंवा मेंदूतल्या शंटवर (पाणी काढणाऱ्या नळीवर) दबा धरून बसतं, कल्चर दहा-चौदा दिवस ठेवलं तर कुठे उगवतं. बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस या आतड्यातल्या ॲनारोबवर मेट्रोनिडाझोल बहुतेकदा चालतं, हे खरं. पण त्याच्यातही औषध निकामी करणारी निम जनुकं सापडतात. हे औषध जिवाणूच्या आत त्याचा नायट्रो गट बदलल्यावरच विषारी होतं. निमची एन्झाइम्स तो गट वेगळ्याच, निरुपद्रवी रूपात नेतात. याच जिवाणूत सीएफआयए जनुक जागं झालं की मेरोपेनेम हे जोरदार अँटिबायोटिकही हातचं जातं. क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचा भरवसा तर या गटात आता उरलेला नाही. ‘आमच्याकडे रेझिस्टन्स नाही’, म्हणजे औषधाला दाद न देणारे जिवाणू नाहीत, असं ऐकते तेव्हा मी एवढंच विचारते, शेवटची टेस्ट कधी लावली होती? न तपासता ‘नाही’ कसं म्हणायचं?

डिस्कचा सल्ला सगळ्यात घातक, कारण त्यातून रिपोर्ट तयार होतो आणि तो खरा वाटतो. डिस्कभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ म्हणजे झोन; त्याचे नेहमीचे आकडे म्युलर-हिंटन या अगारच्या प्लेटवर, साध्या हवेत, रातोरात भरभर वाढणाऱ्या जिवाणूंसाठी ठरवलेले आहेत. ॲनारोब त्या प्लेटवर धड वाढत नाहीत. टेस्टचे नियम ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकन संस्थेची मूळ पद्धत अगार डायल्यूशनची, म्हणजे अगारमध्येच औषध वेगवेगळ्या प्रमाणात मिसळण्याची: ब्रुसेला अगार, त्यात हेमिन, व्हिटॅमिन के-1 आणि 5 टक्के मेंढीचं रक्त, मग 42 ते 48 तास ऑक्सिजनविना. युरोपातल्या युकास्ट या तशाच संस्थेने डिस्कची पद्धत आता दिली आहे, पण वेगळ्या अगारवर, घोड्याच्या रक्तासह, 16 ते 20 तासांनी वाचायची, आणि तीही बॅक्टेरॉइडिस, प्रिव्होटेला, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स अशा मोजक्याच जिवाणूंसाठी. शिवाय प्लेट ऑक्सिजनविना ठेवायच्या बंद जारमध्ये थोडा जरी ऑक्सिजन राहिला, तरी मेट्रोनिडाझोलचा झोन आक्रसतो आणि सेन्सिटिव्ह जिवाणू रेझिस्टंट दिसतो. म्हणून जार उघडताना आधी ऑक्सिजन उरलाय का ते दाखवणारा इंडिकेटर बघायचा. मिथिलीन ब्लूची पट्टी निळी असेल तर प्लेट वाचायचीच नाही.

जेंटामायसिन, अमिकासिन या अँटिबायोटिकांच्या डिस्क तर लावूच नयेत. ही औषधं पेशीत ओढली जाण्यासाठी ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते, ती ॲनारोबकडे नसते.

उशिराचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. जिवाणू वेगळा करून टेस्ट पूर्ण व्हायला पाच-सात दिवस सहज जातात. अपेंडिक्सचं गळू नीट ड्रेन झालं, ताप उतरला, तर त्या मिश्र पुवातल्या प्रत्येक जिवाणूची टेस्ट मीही लावणार नाही. पण मेंदूतलं गळू, हाडाचा संसर्ग, एंडोकार्डायटिस (हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग), कृत्रिम सांधा, रक्तात सापडलेला ॲनारोब, यांचे उपचार आठवडेच्या आठवडे चालतात. सहा आठवड्यांच्या कोर्समध्ये सातव्या दिवशी आलेला रिपोर्ट उशिरा आला असं कसं म्हणणार? आणि औषध चालू असून ताप हटत नसेल, तर तो रिपोर्टच हवा असतो.

मात्र आमच्यापर्यंत नमुना जिवंत पोचला पाहिजे. ग्रॅम स्टेनमध्ये (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघताना) बारीक गुलाबी दांड्यांची गर्दी, पुवाला तो ओळखीचा घाण वास, आणि दोन दिवसांनी प्लेट कोरी, असं घडतं ते बहुतेकदा कोरड्या स्वॅबमुळे (कापसाच्या काडीमुळे). पू सिरिंजमध्ये ओढा, आतली हवा काढा, सुई काढून तोंडाला टोपण लावा आणि लगेच पाठवा. फ्रिजमध्ये ठेवू नका. फॉर्मवर ‘ॲनारोबिक’ लिहा, आणि गळू कुठलं तेही.