वायफाय फोनबद्दल खुलासा: रिचार्ज बंद करू नका

‘गावच्या वायफायवरून आता देशात कुठंही फोन फुकट, सिमची गरज नाही’ असा मेसेज केज-अंबाजोगाईकडच्या ग्रुपांवर फिरतोय. हे नेटवर्क आम्ही काही जण हौसेनं चालवतो, फोन जोडून देणाऱ्या सर्व्हरची (कॉम्प्युटरची) सेटिंगही आम्हीच केली आहे, म्हणून सांगतो.

फोन फुकट लागतो, पण फक्त आपल्याच नेटवर्कवर नंबर घेतलेल्यांना. मळ्यातून घरी, वाडीवरून गावात, एवढंच. बाहेरच्या मोबाईलला जोडणारी लाइनच सर्व्हरवर नाही, आणि तशी जोडायला दूरसंचार परवाना लागतो. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्‌झ रेडिओ लहरींच्या पट्ट्याला ठरलेल्या शक्तीपर्यंत परवाना लागत नाही, त्यावरून हा गैरसमज झाला असावा.

महत्त्वाचं म्हणजे यावरून 112 किंवा 108 लागत नाही. लाइट गेली आणि टॉवरवरची बॅटरी उतरली की फोनही बंद. आपल्याकडं लाइटीचा भरवसा किती, ते वेगळं सांगायला नको. घरी म्हातारी माणसं असतील तर सिम चालू ठेवाच.

तो मेसेज पुढं पाठवू नका. पाठवला असेल त्या ग्रुपवर हा खुलासा टाका.