ग्रह ठरवायचाय? आधी कोरमचं बघा

आकाशातल्या कुठल्या गोळ्याला ग्रह म्हणायचं आणि कुठल्याला नाही हे तुम्हाला ठरवायचंय ना, मग दुर्बीण वगैरे राहू दे बाजूला, आधी ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीची एजीएम अटेंड करा. घोडबंदर रोडवरचं मोठं कॉम्प्लेक्स मिळालं तर सोन्याहून पिवळं. साडेदहाची मीटिंग, साडेदहाला हजर कोण तर सेक्रेटरी, वॉचमन आणि समोशांची पाकिटं, मग कोरम नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब, आणि अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर जे कोण बसलेत तेवढ्यांत पार्किंगचा ठराव मंजूर. बाकीचे घरी लोळत पडलेले असतात, ते रात्री व्हॉट्सअॅपवर भांडतात. हे एकदा नीट बघितलंत की २००६ साली प्रागला खगोलशास्त्रज्ञांच्या महासभेत प्लुटोचं काय झालं ते वेगळं शिकवायला नको.

पण घाई नको. व्याख्या ही गोष्ट जितकी टाळता येईल तितकी टाळायची असते, खगोलशास्त्रज्ञांनी शतकानुशतकं टाळली. १ जानेवारी १८०१ ला पियाझीने सेरेस शोधला, लोकांनी ग्रह म्हणून टाळ्या वाजवल्या, मग मंगळ आणि गुरूच्या मधल्या त्याच पट्ट्यात पॅलस, जुनो, व्हेस्टा आणि पुढे त्यांची सगळी भावकीच निघाली, तेव्हा पाचेक दशकांत सगळ्यांना गुपचूप लघुग्रहांच्या यादीत ढकललं. १९३० मध्ये क्लाइड टॉमबॉने प्लुटो शोधला, तो आत घेतला. आधी वाटलं पृथ्वीएवढा असेल, नंतर मोजत मोजत गेले तर आपल्या चंद्रापेक्षाही लहान निघाला, व्यास जेमतेम २३७७ किलोमीटर. पण एव्हाना तो शाळेच्या पुस्तकात छापला गेला होता, आता कोण काढणार.

खरी पंचाईत झाली २००५ मध्ये, एरिस सापडला तेव्हा. प्लुटोपेक्षा सुमारे २७ टक्के जड! आता प्लुटो ग्रह असेल तर एरिस पण हवा, आणि एरिस घेतला की मागे लाइन लागणार. अशा वेळी तुम्ही काय करायचं, तर आधी ग्रह किती हवेत तो आकडा मनात पक्का करायचा आणि मग नियम मागून पुढे लिहायचा. उलट केलंत की फसलात. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या समितीने उलटच केलं, आधी नियम लिहिला की सूर्याभोवती फिरतो आणि स्वतःच्या वजनाने गोल झालाय तो ग्रह, आणि मग मोजायला बसले तर १२ झाले. सेरेस परत आला, एरिस आला, आणि प्लुटोचा उपग्रह शॅरन पण आला, कारण ते दोघं ज्या बिंदूभोवती फिरतात तो गुरुत्वमध्य प्लुटोच्या बाहेर पडतो म्हणून ती जोडी. सभासद भडकले. आठवड्याभरात मसुदा बदलून तिसरी अट घातली, की ग्रहाने आपल्या कक्षेचा परिसर साफ केलेला असला पाहिजे.

या अटीचं सौंदर्य जरा समजून घ्या. तुम्ही गोल आहात, वेळेवर फेऱ्या मारता, उपग्रह सांभाळता, सगळं बरोबर, पण तुमच्या आजूबाजूला दुसऱ्यांचा पसारा आहे. म्हणजे फ्लॅट तुमचा, मेंटेनन्स चोख, पण पॅसेजमध्ये शेजाऱ्यांच्या चपलांची रॅक आहे म्हणून मेंबरशिप तुमची रद्द. त्यातून सूर्यापासून जितकं लांब राहाल तितकं साफसफाईला जास्त वजन लागतं, पण लांब राहणाऱ्यांना कुठे कोण विचारतं. आणि गुरूच्या कक्षेत पुढेमागे हजारो ट्रोजन लघुग्रह फिरतात त्याचं काय, असलं काही सभेत विचारू नका. गुरू मोठा माणूस आहे, ते त्याच्याच तालावर नाचतात, त्यामुळे ते पसाऱ्यात धरत नाहीत.

मतदान २४ ऑगस्टला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी ठेवलं. हे लिहून ठेवा, शेवटचा दिवस! संघटनेचे सभासद दहा हजारांच्या घरात, मत देणारे ४२४. पिवळी कार्डं वर करून हातमोजणी. पल्सारच्या, म्हणजे भिंगरीसारख्या फिरत ठरावीक ठेक्यात रेडिओ लहरी सोडणाऱ्या ताऱ्यांच्या, शोधामुळे जगाला माहीत असलेल्या जोसेलिन बेल बर्नेल छत्री आणि डिस्नेच्या प्लुटो कुत्र्याचं सॉफ्ट टॉय हातात घेऊन ठराव समजावून सांगत होत्या (आमच्याकडे खजिनदारांनी ऑडिट रिपोर्ट असा समजावला असता तर निदान जागे तरी राहिलो असतो). आणि ज्यांनी १२ ग्रहांचा मसुदा आणला त्या समितीचे अध्यक्ष ओवेन गिंगरिच? ते तोवर अमेरिकेला घरी परतले होते. मत फक्त हजर सभासदांचं. प्लुटो बाहेर, त्याला बटुग्रह असं वेगळं लेबल, ग्रह ८. प्लुटोकडे निघालेलं न्यू होरायझन्स यान त्याच वर्षी जानेवारीत सुटलं तेव्हा ग्रहाकडे चाललं होतं, २०१५ मध्ये पोचलं ते बटुग्रहाकडे.

हे ज्ञान नौपाड्यातल्या गुरुजींना सांगायला मात्र जाऊ नका. त्यांच्या नवग्रहांत रवी आहे, चंद्र आहे, पृथ्वी नाही. राहू-केतूंना तर अंगच नाही, चंद्राची कक्षा सूर्याच्या मार्गाला जिथे छेदते ते दोन बिंदू, बास. प्रागच्या तिन्ही अटींत नापास, तरी राहुकाळात नव्या गाडीची डिलिव्हरी अडवून दाखवतात. प्लुटोने हे जमवलं असतं तर कोणाची टाप होती त्याला काढायची.

तर तुमच्यासाठी काम अजून शिल्लक आहे. प्रागच्या व्याख्येत सूर्याभोवती असा शब्द आहे, त्यामुळे दुसऱ्या ताऱ्यांभोवती सापडलेले हजारो ग्रह त्या व्याख्येत बसतच नाहीत. म्हणून २०२४ मध्ये केपटाऊनच्या महासभेत काही शास्त्रज्ञांनी नवा मसुदा मांडला, गोल-बिल सोडा, सरळ वजन बघा, खालची मर्यादा १ वर २३ शून्यं इतके किलो. बुध या मर्यादेच्या तिप्पट भरतो, प्लुटो जेमतेम आठवा हिस्सा. बघा, कशी बरोब्बर मधोमध बसली! याला म्हणतात मसुदा. मतदान झालेलं नाही, पुढची महासभा २०२७ ला रोममध्ये आहे. जाणार असाल तर परतीचं तिकीट शेवटच्या दिवसानंतरचं काढा.