५जीमुळे आभासी मोबाइल कंपन्या बुडतात, हे खरं नाही

स्वतःचा एकही टॉवर नाही. दुसऱ्या कंपनीकडून घाऊक दराने मिनिटं आणि डेटा घ्यायचा आणि आपल्या नावाच्या सिमवर ग्राहकाला विकायचा. असा धंदा करणाऱ्या कंपन्यांना एमव्हीएनओ म्हणतात; आपल्या सरकारी कागदांत त्या ‘व्हीएनओ’. त्यांच्याबद्दल एक दावा सतत फिरतो: ५जी आलं, आता या पोटभाडेकरूंचे दिवस भरले. कारणं चार सांगतात. मोठ्या कंपन्या नवं नेटवर्क त्यांना देणार नाहीत. दिलं तरी दुय्यम दर्जाचं देतील. स्लायसिंग (एकाच नेटवर्कचे भाग पाडणं) आणि ई-सिम (वेगळं कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) आल्यावर मधल्या कंपनीची गरजच उरणार नाही. आणि भारतात तर ५जीने त्यांना संपवलंच. हा दावा मला घातक वाटतो, कारण खापर तंत्रज्ञानावर फुटतं आणि घाऊक कराराच्या अटींकडे कोणी बघत नाही.

पहिलं कारण: ‘५जी त्यांना मिळणारच नाही.’ अमेरिकेत नेमकं उलटं घडलं. कॉमकास्ट आणि चार्टर या मुळात केबल कंपन्या. कॉमकास्टने २०१७ मध्ये आणि चार्टरने २०१८ मध्ये व्हेरायझन या मोठ्या मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवर सेवा सुरू केली. पुढे ५जी आलं, ते त्यांच्याही ग्राहकांना मिळालं, आणि २०२४ संपताना दोघींचे मिळून दीड कोटींहून जास्त मोबाइल कनेक्शन होते. हे जमलं कसं? याचं मूळ २०११ च्या एका व्यवहारात आहे. कॉमकास्टसह काही केबल कंपन्यांकडे न वापरलेले स्पेक्ट्रम होते. ते त्यांनी ३.६ अब्ज डॉलरला व्हेरायझनला विकले आणि त्याच वेळी तिचं नेटवर्क घाऊक दराने वापरण्याचा हक्कही पदरात पाडून घेतला. हातात देण्यासारखं काहीतरी होतं, म्हणून करार पक्का झाला. त्यात भर अशी की या ग्राहकांचा बहुतेक डेटा घरच्या वाय-फायवरून जातो, त्यामुळे व्हेरायझनला मोजायचे पैसे कमीच राहतात. ४जीच्या सुरुवातीला झालेला तो करार ५जीतही कामी आला.

यावर उत्तर येतं की ट्रॅकफोन आणि मिंट या अमेरिकेतल्या आभासी कंपन्या मोठ्या कंपन्यांनी गिळल्याच ना? हो. ट्रॅकफोन २०२१ मध्ये व्हेरायझनने घेतली, मिंट २०२४ मध्ये टी-मोबाइलने. स्वतंत्र कंपन्या कमी होणं ग्राहकासाठी वाईटच आहे आणि मी त्याचं समर्थन करत नाही. पण ट्रॅकफोनकडे सुमारे दोन कोटी ग्राहक होते. मरणासन्न धंद्यासाठी कोणी अब्जावधी डॉलर मोजत नाही.

दुसरं कारण, दुय्यम दर्जा. यात तथ्य आहे. टॉवरवर गर्दी झाली की अनेक आभासी कंपन्यांच्या ग्राहकांचा डेटा रांगेत मागे ढकलला जातो. पण ही पद्धत ४जीतही होती. प्राधान्य किती मिळेल हे करारात ठरतं, आणि जास्त पैसे मोजून वरचं प्राधान्य देणारे प्लॅनही आभासी कंपन्या विकतात.

तिसरं कारण स्लायसिंगचं. एकाच नेटवर्कचे वेगवेगळे भाग पाडून प्रत्येकाला ठरावीक वेग आणि प्रतिसाद देता येतो. त्यासाठी ४जीवर न टेकलेला, स्वतंत्र ५जी कोअर, म्हणजे नेटवर्कची मध्यवर्ती यंत्रणा, लागतो. हा भाग मालक स्वतः कारखान्याला विकू शकतो, तसाच आभासी कंपनीलाही घाऊकात देऊ शकतो. तसं झालं तर दर्जाची हमी थेट करारात लिहून घेता येईल. ई-सिमचं तर मला कळतच नाही, ते लहान कंपनीच्या विरोधात कसं जातं. गल्लोगल्ली दुकानं नसणं हीच तिची मोठी अडचण. आता क्यूआर कोड स्कॅन केला की झालं. जपानच्या आयआयजे या आभासी कंपनीने २०१८ मध्ये ग्राहकांची नोंद ठेवणारी स्वतःची यंत्रणा उभारली, म्हणून स्वतःचं सिम काढण्यासाठी तिला डोकोमो या तिथल्या मोठ्या नेटवर्क कंपनीवर विसंबावं लागत नाही.

जपानमधला खरा धक्का आला मार्च २०२१ मध्ये. सरकारच्या दबावामुळे डोकोमोने अहामो हा स्वस्त प्लॅन आणला, इतर मोठ्या कंपन्यांनीही तेच केलं. बिनटॉवरच्या कंपन्यांचा स्वस्ताईचा फायदा एका झटक्यात आक्रसला. धक्का होता तो किरकोळ दरांचा.

आता भारत. केंद्र सरकारने व्हीएनओ परवान्याची मार्गदर्शक तत्त्वं ३१ मे २०१६ रोजी काढली. जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झाली आणि पुढचे काही महिने ती फुकट होती. घाऊकात विकत घेऊन फुकटाशी स्पर्धा कोण करणार? त्यातच नेटवर्क द्यायचं की नाही आणि कोणत्या दराने, हे सगळं दोन कंपन्यांच्या आपसांतल्या संमतीवर सोडलेलं. मोबाइल सेवेसाठी एकापेक्षा जास्त नेटवर्क मालकांशी जोडून घेण्याची मुभाही त्या नियमांत नव्हती, म्हणजे घासाघीस करायला दुसरा दरवाजाच नाही. युरोपीय आयोगाने २०१४ मध्ये जर्मनीत टेलिफोनिका आणि ई-प्लस या मोबाइल कंपन्यांच्या विलीनीकरणाला मंजुरी देताना अट घातली होती की ३० टक्क्यांपर्यंत नेटवर्क क्षमता आभासी कंपन्यांना विकावी लागेल. ड्रिलिश या आभासी कंपनीने ती संधी घेतली. तिच्याच घरातल्या १अँड१ने २०१९ च्या ५जी लिलावात स्पेक्ट्रम घेतले आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्वतःच्या नेटवर्कवर मोबाइल सेवा सुरू केली. आपल्याकडे तशी अट नव्हती. तमिळनाडूत बीएसएनएलच्या नेटवर्कवर एरोव्हॉइससारखा प्रयत्न झाला, पण देशभर पाय रोवेल अशी एकही आभासी मोबाइल कंपनी उभी राहिली नाही. आणि ५जी भारतात आलं १ ऑक्टोबर २०२२ ला, परवान्याला सहा वर्षं उलटून गेल्यावर.