राणी ॲनच्या कायद्याविषयी खुलासा

‘१७१० साली इंग्लंडच्या राणी ॲनच्या कायद्याने लेखकाला पुस्तकावर तहहयात हक्क दिला, त्यापूर्वी कोणीही काहीही छापावे अशी मोकळीक होती,’ असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

मोकळीक मुळीच नव्हती. १५५७ मध्ये सनद मिळालेल्या लंडनच्या स्टेशनर्स कंपनीच्या, म्हणजे मुद्रक व पुस्तकविक्रेत्यांच्या संघाच्या, नोंदवहीत ज्या सभासदाच्या नावे पुस्तक चढे, त्याचाच छपाईवर हक्क मानला जाई. लेखकाचा तेथे फारसा प्रश्नच नसे. या व्यवस्थेला आधार देणारा छपाईपरवान्याचा कायदा १६९५ मध्ये संपुष्टात आल्यावर ही घडी विस्कटली आणि नव्या कायद्यासाठी सर्वाधिक धडपड केली ती याच विक्रेत्यांनी.

१७१० च्या कायद्याने लेखकाचा हक्क प्रथमच मान्य केला हे खरे, परंतु तो मुदतीचा होता: नव्या पुस्तकाला १४ वर्षे, आणि ती संपताना लेखक हयात असल्यास आणखी १४, आधीच छापलेल्या पुस्तकांना २१. चोरून छापणाऱ्याच्या प्रती जप्त होत आणि प्रत्येक कागदामागे एक पेनी दंड बसे.

‘तहहयात’चा, किंबहुना कायमच्या हक्काचा, दावा विक्रेत्यांनी पुढे केला होता. १७६९ मध्ये न्यायालयाने तो उचलूनही धरला. मात्र १७७४ मध्ये डोनाल्डसन विरुद्ध बेकेट या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हा अंतिम न्यायालयाचेही काम करणाऱ्या ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरील हक्क कायद्यातील मुदतीबरोबरच संपतो, असा निकाल दिला.