‘कोड हे निव्वळ साधन आहे’ या प्रतिक्रियेला उत्तर

मीडिया प्लेयरमध्ये पायरेटेड चित्रपटांच्या साइट्सवर थेट शोध घेण्याची सोय घालू नये, असे मी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, सुरीने कोणी गुन्हा केला म्हणून लोहाराला कोणी पकडत नाही, शिवाय परवान्यात ‘कोणतीही हमी नाही’ असे लिहिलेले असतेच, तेव्हा मी मेंटेनर मंडळींना, म्हणजे ओपन सोर्स (खुल्या कोडचे) प्रकल्प सांभाळणाऱ्यांना, विनाकारण घाबरवतो आहे.

हमीचा मुद्दा आधी निकालात काढतो. जीपीएल किंवा एमआयटी या ओपन सोर्स परवान्यांतला तो परिच्छेद सॉफ्टवेअर देणारा आणि घेणारा यांच्यापुरता असतो. ज्याच्या चित्रपटाची प्रत उतरवली गेली, तो हक्कधारक या परवान्याचा पक्षकारच नव्हे. त्याचा दावा त्या परिच्छेदाने अडत नाही.

सुरीचा दाखला मात्र अगदीच गैरलागू नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये सोनीच्या बीटामॅक्स या व्हिडिओ रेकॉर्डरच्या खटल्यात जवळपास हेच मान्य केले होते: ज्या यंत्राचा कायदेशीर वापर चांगल्यापैकी होऊ शकतो, ते नुसते विकले म्हणून विक्रेता दोषी ठरत नाही. आपण तिथेच थांबलात. 2005 मध्ये ग्रॉक्स्टर या फाइल्सची देवाणघेवाण करू देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या खटल्यात त्याच न्यायालयाने एकमताने सांगितले की, कॉपीराइटच्या उल्लंघनाला उत्तेजन देण्याच्या हेतूने जो साधन वाटतो, त्याला वापरकर्त्यांनी केलेल्या उल्लंघनाबद्दल जबाबदार धरता येते. हा हेतू ठरवताना प्रतिवादी कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे आणि नॅप्स्टर या आधीच्या गाणी-वाटप सेवेचे वापरकर्ते आपल्याकडे ओढण्याची त्यांची धडपड पाहिली गेली.

ओपन सोर्सची खरी अडचण इथे आहे. कंपनीची कागदपत्रे हाती यायला वादीला न्यायालयात झगडावे लागते. आपले प्रकल्प ती स्वतःहून जगजाहीर करून ठेवतात. ‘सिनेमा थिएटरात असतानाच घरी पाहता यावा’ अशी मागणी इश्यूमध्ये (सूचना-तक्रारींच्या खुल्या नोंदीत), त्याखाली मेंटेनरचा होकार, साइटचे नाव कमिटच्या (कोडमधल्या बदलाच्या) संदेशात आणि तीच साइट सेटिंगमध्ये आधीपासून निवडलेली, एवढे असल्यावर वकिलाला आणखी काय हवे? पुढे ती ओळ खोडली तरी गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, तिचा इतिहास उरतो.

ऑक्टोबर 2020 मध्ये यूट्यूब-डीएल हे व्हिडिओ डाउनलोड करण्याचे साधन गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरून हटवले गेले, तेव्हा आरआयएए या अमेरिकी संगीत कंपन्यांच्या संघटनेच्या नोटिशीने नेमके बोट ठेवले ते चाचण्यांच्या कोडवर, कारण तिथे नमुना म्हणून नामवंत गायकांच्या व्हिडिओंचे दुवे दिलेले होते. ते दुवे काढल्यावर आणि इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठीच्या संस्थेच्या वकिलांनी हे साधन कोणतेही डिजिटल कुलूप (नक्कल रोखणारे तांत्रिक संरक्षण) तोडत नाही हे समजावल्यावर नोव्हेंबरमध्ये प्रकल्प परत आला. चाचणी लिहिणाऱ्याच्या मनात पायरसी नसेलही, पण वाचणाऱ्याला दिसते ते लिहिलेलेच.

कुलूप तोडण्याचा प्रश्न आला की सुरीचा दाखला आणखी लंगडा पडतो, कारण डीएमसीए या अमेरिकी कॉपीराइट कायद्याच्या 1201 व्या कलमाखाली प्रत्यक्ष नक्कल झाली नसली तरी तसे साधन पुरवणे हाच स्वतंत्र भंग ठरू शकतो. युझू या, निंटेंडोच्या यंत्राचे खेळ संगणकावर चालवणाऱ्या एम्युलेटरसोबत खेळांचे कुलूप उघडणाऱ्या डिक्रिप्शनच्या चाव्या दिल्या जात नव्हत्या; तरीही त्या कशा मिळवायच्या याच्या मार्गदर्शनावर निंटेंडोने 2024 च्या दाव्यात भर दिला. प्रकरण 24 लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटले आणि प्रकल्प बंद झाला. ही तडजोड होती, निकाल नव्हे, त्यामुळे तिच्यातून एम्युलेटर बेकायदा ठरत नाहीत. पण निकालापर्यंत लढण्याचा खर्च किती हौशी प्रोग्रामरांना झेपेल?

‘मग वेगळे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) करा’ ही आपली सूचना अर्धी बरोबर आहे. कोडी या मीडिया प्लेयरच्या मूळ प्रकल्पाने पायरसीच्या ॲड-ऑन्सना (अशाच प्लगइन्सना) आपल्या अधिकृत भांडारात जागा दिली नाही, आणि त्याला त्याचा फायदाच झाला. मात्र असे ॲड-ऑन्स आधीच भरून टीव्हीला जोडायचे डबे विकणाऱ्याला युरोपीय न्यायालयाने 2017 मध्ये मोकळे सोडले नाही. म्हणजे जोखीम नाहीशी होत नाही, ती जोडणाऱ्याच्या गळ्यात पडते. आणि प्लगइन वेगळे ठेवून त्याचा दुवा आपल्याच रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या परिचय-पानात) दिला, तर जोडणारे आपणच.

टोरंट चालवण्याची सर्वसाधारण सोय देणारा पॅच (कोडमधला बदल) आला, तर मी त्याच्या बाजूने मत देईन, कारण लिनक्सच्या प्रतीही त्याच वाटेने येतात. माझा विरोध आहे तो साइट्सची तयार यादी सोबत आणणाऱ्या पॅचला, आणि आपण ज्याची बाजू घेतली आहे तो नेमका तसाच आहे.